मांढरदेवीच्या घाटापलीकडची प्राज्ञपाठशाळा

भोरच्या बाजूने मांढरदेवीचा घाट चढून पलीकडे उतरले की वाई येते. जिल्हा बदलतो, पुण्याचा सातारा होतो, नीरेचे खोरे सुटून कृष्णेचे सुरू होते. पण पौषातल्या काळूबाईच्या यात्रेला दोन्ही अंगांनी माणूस चढतो तेव्हा जिल्ह्याची हद्द कोणी विचारत नाही. भोर-वेल्ह्याच्या वाचकांसाठी निघणाऱ्या स्मरणिकेत वाईच्या प्राज्ञपाठशाळेचा इतिहास कशाला, असे कोणी विचारले तर पहिले उत्तर हे की ती आपली शेजारीण आहे. दुसरे उत्तर लांबचे आहे आणि हा लेख त्यासाठीच आहे.

जगातल्या धर्मपरंपरा महाविद्यालयात शिकवायच्या असे ठरले की आपल्याकडे दोन पद्धती लगेच पुढे येतात. पहिली गुळमुळीत. सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, प्रेम करा, खरे बोला. पाच वाक्यांत इस्लाम, पाच वाक्यांत ख्रिस्ती धर्म, की झाला तास. दुसरी वकिली. आपले ते सखोल, दुसऱ्याचे ते उथळ, आणि दुसऱ्याचा ग्रंथ उघडायचा तो फक्त चुका काढायला. दोन्हींत वाचन होतच नाही. प्राज्ञपाठशाळेने तिसरी वाट धरली. ती आधी शास्त्राची होती, मग इतिहासाची झाली, आणि शेवटी एका विश्वकोशाच्या दारापर्यंत पोचली. संस्था आरंभी पक्की सनातन वळणाची होती, हे लक्षात ठेवले तर या प्रवासाचे मोल कळते.

वाईचे सांगण्यापूर्वी पुण्याचे दोन शब्द. इंग्रजांनी 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज काढले. पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून ते चाले. त्याचेच पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झाले. तिथे 1859 ते 1866 या काळात मार्टिन हाउग नावाचे जर्मन पंडित संस्कृतच्या अध्यापनाचे प्रमुख होते. दिवसा विद्यार्थ्यांना संस्कृत आणि बाकी वेळ अवेस्ता, असा त्यांचा उद्योग. ऐतरेय ब्राह्मणाची आवृत्ती त्यांनी काढली आणि 1862 मध्ये मुंबईत पारशांच्या धर्मग्रंथांवरचे त्यांचे निबंध छापले गेले. पुण्याचे दस्तूर होशंगजी जामास्पजी त्यांचे सहकारी. एक ल्यूथरच्या देशातला भाषापंडित, दुसरा अग्यारीतला धर्मगुरू, आणि दोघे मिळून पहलवी कोश तपासताहेत, हे दृश्य आपल्या पुण्यातले आहे. त्यांच्या नादाने रेल्वेचा एक इंग्रज इंजिनिअर, एडवर्ड वेस्ट, रूळ सोडून पहलवीकडे वळला आणि मॅक्समुल्लरच्या पौर्वात्य धर्मग्रंथमालेत त्या भाषेतले पाच खंड त्याने दिले. बुद्धाचे चरित्र इंग्रजी काव्यात घराघरांत पोचवणारा एडविन अर्नोल्ड हाही हाउगच्याच दिवसांत पूना कॉलेजचा प्राचार्य होता.

विठ्ठल रामजी शिंदे फर्ग्युसनमधून पदवीधर होऊन 1901 मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, ते तौलनिक धर्माच्या अभ्यासासाठीच. दोन वर्षांनी परतले आणि थोड्याच काळात अस्पृश्यतानिवारणाच्या कामाला लागले. धर्मानंद कोसंबी 1912 ते 1918 फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत होते. त्यांच्या हाताखालून पु. वि. बापट यांच्यासारखे अभ्यासक तयार झाले. ही सगळी इंग्रजी विद्येच्या वाटेने आलेली माणसे किंवा संस्था. (कोसंबी शाळेतून नव्हे, पायी चालून शिकले, पण पाली त्यांनी शिकवली ती कॉलेजात.) वाईचे वेगळेपण हे, की तिथे इंग्रजी कॉलेज नव्हते. नदीकाठ होता, मठ होता आणि शास्त्री होते.

पाठशाळेचे संस्थापक नारायणशास्त्री मराठे यांचा जन्म 1877 चा. वाईचे संन्यासी प्रज्ञानंद सरस्वती हे त्यांचे गुरू. गुरूंच्या नावावरून पाठशाळेचे नाव प्राज्ञपाठशाळा पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी नारायणशास्त्र्यांनी वाईत विद्यार्थी जमवायला सुरुवात केली. पुढे 1931 मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि केवलानंद सरस्वती हे नाव धारण केले. ग्रंथांवर आपल्याला हेच नाव दिसते.

शिकवण्याची रीत जुनी होती. ती थोडी जवळून पाहू, कारण पुढचे सगळे तिच्यातून निघाले आहे. मीमांसाशास्त्रात एकेका प्रश्नाला अधिकरण म्हणतात. अधिकरणाचे पाच भाग. आधी विषय, म्हणजे ज्या वाक्यावर वाद आहे ते वाक्य. मग संशय: या वाक्याचा अर्थ असा की तसा? मग पूर्वपक्ष, म्हणजे आपल्याला न पटणारे मत, आणि ते शक्य तितक्या भक्कम युक्तिवादानिशी मांडायचे. मग उत्तरपक्ष. शेवटी या निर्णयाचा आधीच्या-पुढच्या भागाशी मेळ. विद्यार्थ्याने पूर्वपक्ष कच्चा मांडला तर शास्त्री त्याला उत्तरपक्षाकडे जाऊच देत नसत, ही पारंपरिक पाठशाळांची शिस्त. समोरच्याचे म्हणणे त्याच्याइतक्याच ताकदीने सांगता आले पाहिजे. मगच खंडनाचा अधिकार. टीव्हीवरच्या चर्चेत हा नियम लावला तर निम्मे लोक पहिल्याच फेरीत बाद होतील.

या शिस्तीला भारतात जुना आधार आहे. चौदाव्या शतकातल्या सायण-माधवाच्या परंपरेतला सर्वदर्शनसंग्रह सोळा दर्शनांचा परामर्श घेतो आणि सुरुवात करतो चार्वाकापासून. मग बौद्ध, मग जैन, अशी चढण. ग्रंथकर्ता वेदान्ती, पण नास्तिकाला पहिली खुर्ची. पुण्यात वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी स्वतःच्या संस्कृत टीकेसह या ग्रंथाची आवृत्ती 1924 मध्ये भांडारकर संस्थेतून काढली, ती आजही वापरात आहे. तौलनिक धर्माचा अभ्यास युरोपातून आपल्याकडे आला, असे जे सरसकट सांगतात, त्यांनी हे पुस्तक एकदा हातात घ्यावे. अर्थात सर्वदर्शनसंग्रहाला चीन माहीत नाही, ख्रिस्त माहीत नाही, इस्लाम दारात असून माहीत नाही. तेवढी उणीव मान्य करूनच पुढे जायला हवे.

वाईला 1917 साली एक विद्यार्थी आला. गागोद्याचा, वय बावीसच्या आतबाहेर, बडोद्याचे कॉलेज सोडलेला, काशीहून गांधींच्या आश्रमात पोचलेला. विनायक नरहर भावे, म्हणजे पुढचे विनोबा. एक वर्षाची रजा घेऊन तो आला होता, संस्कृत आणि वेदान्त पक्का करायला. नारायणशास्त्र्यांकडे त्याने उपनिषदे, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे, मनुस्मृती आणि योगसूत्रे वाचली.

विनोबांनी या वर्षाचा हिशेब गांधींना पत्राने कळवला, म्हणून आपल्याला तपशील मिळतात. ते रोज जात्यावर धान्य दळत. नमस्कार घालत. काही विद्यार्थ्यांना गीता शिकवत, काहींना ज्ञानेश्वरी, काहींना उपनिषदे, आणि शिवाय हिंदीचा वर्ग. वाईत त्यांनी विद्यार्थी मंडळ काढले. वाचनालयाला पैसा हवा, म्हणून मंडळातली मुले दळणे घेत आणि मिळालेले पैसे पुस्तकांना देत. ही बहुतेक ब्राह्मणांची शाळकरी मुले होती, हेही विनोबांनी लपवले नाही. जुन्या वळणाच्या वाईत ब्राह्मणाच्या मुलाने दुसऱ्याचे दळण पैसे घेऊन दळायचे, ही त्या काळी केवढी गोष्ट! अशा पैशांतून वाचनालयात काही शे पुस्तके जमली.

आणि आपल्या तालुक्यांशी संबंध येतो तो इथे. त्याच वर्षी विनोबा पायी हिंडले, चारशे मैलांच्या आसपास, चारपाच जिल्ह्यांतून. पाहिलेल्या किल्ल्यांत त्यांनी राजगड, सिंहगड आणि तोरणा ही नावे लिहिली आहेत. राजगड आणि तोरणा दोन्ही वेल्ह्याचे. (2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला, जुन्या लोकांच्या तोंडी वेल्हेच राहील.) वाटेत मुक्कामाच्या गावी ते गीतेवर बोलत. तोरण्याची मेंगाई आणि राजगडाची पद्मावती यांच्या वाटेवर, ब्रह्मसूत्रे ताजी डोक्यात असलेला हा तरुण कुठल्या वाडीत उतरला असेल, कोणाच्या ओसरीवर बोलला असेल, ते आज कोणी सांगू शकणार नाही. वर्षभराची रजा संपली त्या दिवशी तो आश्रमात हजर झाला. गांधींनी त्याला भीम म्हटले, गोरखने मच्छिंद्राला जिंकले म्हटले.

विनोबांच्या पुढच्या आयुष्याकडे वाईच्या वर्षाच्या उजेडात पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते. त्यांनी इतर धर्मांचे ग्रंथ वाचले ते अनुवादांवर भागवून नव्हे. कुराणासाठी अरबी शिकले, वर्षानुवर्षे पाठ केले आणि मग त्याचे सार काढले. धम्मपदाची त्यांनी विषयवार नवी मांडणी केली. शिखांच्या जपुजीवर भाष्य केले. ख्रिस्ती धर्माचे सार काढले. जैनांचे सर्व पंथ एका ग्रंथावर एकत्र यावेत हा आग्रह त्यांनी धरला, आणि त्यातून समणसुत्तं तयार झाले. त्याला मान्यता देणारी संगीती 1974 च्या अखेरीस दिल्लीत भरली. मूळ ग्रंथ, मूळ भाषा, ओळीओळीचा अर्थ, मग निवड: ही सवय पाठशाळेची आहे. सर्वधर्मसमभाव हा शब्द भाषणात सोपा आहे. विनोबांनी त्यासाठी व्याकरण घोकले.

विनोबांच्या आगेमागेच आणखी एक मुलगा वाईला आला होता. धुळ्याकडच्या पिंपळनेरचा, 1901 चा जन्म, चौदा-पंधरा वर्षांचा. लक्ष्मणशास्त्री जोशी. नारायणशास्त्र्यांकडे शिकून, पुढे काशीला न्याय वाचून, 1923 मध्ये त्याने कलकत्त्याची तर्कतीर्थ पदवी घेतली आणि पुन्हा वाईलाच आला. संस्थेचा यापुढचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी गुरुशिष्यांचा इतिहास. गुरू संन्यासी, मीमांसक, आणि तरीही सुधारणेला शास्त्राचा आधार शोधणारे. शिष्य आधी गांधींचा, तुरुंगवास भोगलेला, नंतर मानवेंद्रनाथ रॉय यांच्या संगतीत जडवाद आणि नवमानवतावाद स्वीकारलेला. 1933 च्या जूनमध्ये पुण्यात देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, त्याचे पौरोहित्य लक्ष्मणशास्त्र्यांनी केले. अस्पृश्यतेला शास्त्राधार आहे की नाही, या वादात गांधींनी त्यांचा सल्ला घेतला. केवलानंद, महादेवशास्त्री दिवेकर, रघुनाथशास्त्री कोकजे आणि लक्ष्मणशास्त्री यांच्या धर्मनिर्णय मंडळाने कालबाह्य आचार सोडायला शास्त्राच्याच भाषेत संमती दिली. सनातन्यांना हे आवडले नाही. सुधारकांना वाटले, एवढे शास्त्र कशाला काढता, सरळ सोडा की. दोन्हीकडून बोलणी खाणारी संस्था बहुधा काही तरी कामाचे करत असते.

तिचे सर्वांत मोठे काम धर्मकोश. कल्पना केवलानंदांची, संपादन लक्ष्मणशास्त्र्यांचे. बाहेरून पाहिले तर हे संस्कृत उताऱ्यांचे अजस्र संकलन वाटते. आत काय आहे ते एका कांडावरून सांगतो. व्यवहारकांड, म्हणजे न्याय आणि खटल्यांचा भाग, 1937 ते 1941 या काळात तीन भागांत निघाला. ऋणादान, म्हणजे कर्जाचा व्यवहार, हा स्मृतींनी सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांतला पहिला. त्या मथळ्याखाली वेदातला उल्लेख, मग धर्मसूत्रे, मग मनू, याज्ञवल्क्य, नारद, बृहस्पती, कात्यायन, मग टीकाकार आणि निबंधकार, असे सगळे एकापाठोपाठ उभे केलेले आहेत. एका प्रश्नावर हजार-दीड हजार वर्षांची मते एकाच ठिकाणी.

संपादकांनी यावर वेगळे भाष्य करायची गरज उरत नाही. वाचणाऱ्याला आपोआप दिसते की मनू एक सांगतो, नारद दुसरे, आणि कात्यायन त्याहून बारीक नियम घालतो. व्याज बदलले, साक्षीदार बदलले, बायकांचा धनावरचा हक्क बदलला. धर्म अचल आहे असे म्हणणाऱ्याच्या हातात त्याच्याच ग्रंथांचा कोश दिला, की वाद निम्म्यावर येतो. पुढे उपनिषत्कांड 1949 पासून, संस्कारकांड 1959 पासून, राजनीतिकांड 1973 पासून प्रसिद्ध होत गेले. शेजारी केवलानंदांचा मीमांसाकोश सात खंडांत उभा राहिला. पहिला 1952 चा, शेवटचा त्यांच्या निधनानंतर. ते 1955 मध्ये गेले.

कोशाचे काम कंटाळवाणे असते आणि त्याला टाळ्या पडत नाहीत. लक्ष्मणशास्त्री मात्र कोशात अडकून पडले नाहीत. नागपूर विद्यापीठातल्या त्यांच्या व्याख्यानांचे 'हिंदुधर्माची समीक्षा' हे पुस्तक 1941 मध्ये आले. धर्म ही माणसाची निर्मिती आहे, इतिहासात घडलेली आहे, म्हणून तिची समीक्षा करता येते, हे त्यांचे सूत्र. पुणे विद्यापीठातल्या व्याख्यानांतून 'वैदिक संस्कृतीचा विकास' 1951 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 1955 मध्ये साहित्य अकादमीने मराठीला दिलेला पहिला पुरस्कार त्याला मिळाला. या ग्रंथात वेद, ब्राह्मणे, उपनिषदे, बौद्ध, जैन, भक्तिपंथ, आधुनिक सुधारणा अशी सलग वाट आहे. बौद्ध आणि जैन हे बाहेरचे पाहुणे नाहीत, त्याच घरातले भांडखोर भाऊ आहेत. नंतर त्यांनी 'सर्वधर्मसमीक्षा'ही लिहिली. स्वतःच्या धर्माची समीक्षा आधी, इतरांची नंतर, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. उलट्या क्रमाने चालणारे सध्या पुष्कळ आहेत.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1960 च्या नोव्हेंबरात साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि लक्ष्मणशास्त्री त्याचे अध्यक्ष झाले. मराठी विश्वकोशाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. कचेरी मुंबईत हवी होती, पुण्यात तरी हवी होती; ती वाईत गेली. अध्यक्षांचे गाव म्हणून गेली, हे उघड आहे, पण त्याहून मोठे कारण तिथे आधीपासून असलेली पाठशाळा, तिचे ग्रंथालय आणि कोशाच्या कामाला सरावलेली माणसे. पहिला खंड 1976 मध्ये छापून आला.

विश्वकोशातले धर्म पाहण्याची मला एक खोड आहे. नोंदी अकारविल्हे. म्हणून इस्लाम आधी, ख्रिस्ती धर्म त्यानंतर, मग जैन, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख, आणि हिंदू धर्म पार शेवटच्या टोकाला. कोणत्याही धर्माला पहिले पान मानाने मिळालेले नाही; वर्णमालेने जे दिले ते. पाठशाळेत वाढलेल्या माणसाच्या अध्यक्षतेखाली, सरकारी खर्चाने, मराठीत हा प्रकार घडला आहे. प्रत्येक धर्माच्या नोंदीत साधारण तेच प्रश्न विचारले जातात: संस्थापक किंवा उगम, ग्रंथ, तत्त्वे, आचार, पंथ, इतिहास. कौतुक नाही, निंदा नाही. कोरडे वाटते? वाटू दे. बारावीच्या पोराला आपल्या शेजाऱ्याचा धर्म काय आहे हे जाणून घ्यायचे असेल तर यापेक्षा सुरक्षित पान मराठीत फारसे नाही.

'नवभारत' मासिक 1947 मध्ये सुरू झाले आणि नंतर प्राज्ञपाठशाळा मंडळाने ते चालवले. धर्म, तत्त्वज्ञान, राजकारण यांवरचे गंभीर लेखन मराठीत ज्या मोजक्या नियतकालिकांनी टिकवले त्यांत ते आहे. मे. पुं. रेगे, मुंबईच्या कीर्ती कॉलेजचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, दीर्घकाळ त्याचे संपादक. लक्ष्मणशास्त्री 1994 मध्ये गेल्यावर विश्वकोशाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. रेग्यांनी 1983 मध्ये तत्त्वज्ञ दया कृष्ण आणि इतरांच्या साथीने पुण्यात एक विलक्षण संवाद घडवला. समोर पारंपरिक न्याय-मीमांसा शिकलेले पंडित, आणि त्यांच्यापुढे बर्ट्रंड रसेलचा तर्कशास्त्रातला सिद्धान्त, संस्कृतात मांडलेला. पंडितांनी तो पूर्वपक्ष म्हणून घेतला आणि उत्तरे द्यायला सुरुवात केली. रेगे स्वतः श्रद्धेचे मोल जाणणारे उदारमतवादी. लक्ष्मणशास्त्री आणि ते धर्माविषयी एका मताचे नव्हते, आणि तरी एकाच संस्थेच्या छपराखाली काम करत होते. संस्थेच्या इतिहासात नोंदवावी अशी हीच गोष्ट आहे.

दोषही नोंदवायला हवेत. पाठशाळेचे पहिले विद्यार्थी ब्राह्मण आणि पुरुष. स्त्रियांना आणि बहुजनांना शास्त्राच्या त्या दारातून आत यायला फार उशीर झाला, आणि बाहेर शिंदे, आंबेडकर यांच्यासारखे लोक तोवर पुढे निघून गेले होते. धर्मकोश संस्कृतात आहे. एवढा मोठा पुरावा ज्यांच्या जगण्याविषयी आहे त्यांना तो वाचता येत नाही. मराठीत त्याचे सार आणायचे काम अजून पडलेले आहे. आणखी एक: ग्रंथांच्या या परंपरेत ग्रंथ नसलेले धर्म बसत नाहीत. काळूबाईच्या डोंगरावर जे चालते त्याला मीमांसाकोशात कलम नाही. डोंगरातल्या देवदेवतांकडे पाहायला दामोदर कोसंबी, इरावती कर्वे, जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर, रा. चिं. ढेरे अशी वेगळी माणसे लागली. दामोदर हे धर्मानंदांचे चिरंजीव. बाप पाली ग्रंथ वाचणारा, मुलगा मावळातल्या शेंदरी दगडांपाशी बसून प्रश्न विचारणारा. दोन्ही अभ्यास लागतात.

आता आपल्या तालुक्यांकडे. रायरेश्वराच्या पठारावर जंगमांची वस्ती आहे. शिवरायांच्या शपथेची आठवण सगळे सांगतात, पण तिथल्या जंगमांना त्यांच्या वीरशैव आचाराबद्दल विचारणारा विद्यार्थी विरळा. भोरच्या राजवाड्यात पंतसचिवांचा रामनवमीचा उत्सव संस्थानकाळापासूनचा. वेल्ह्याच्या खोऱ्यांत धनगरवाडे, त्यांचे देव, त्यांच्या ओव्या. गावोगाव वारकऱ्यांचे सप्ताह, आणि 1956 च्या धर्मांतरानंतर उभे राहिलेले बौद्ध विहार. बाजारपेठेत मुसलमान आणि जैन दुकानदार. महाविद्यालयात जगातल्या धर्मांचा अभ्यासक्रम सुरू करायला ऑक्सफर्डला जायची गरज नाही. अर्धा वर्ग घरून येतानाच सामग्री घेऊन येतो. गरज आहे ती प्रश्न विचारण्याच्या शिस्तीची, आणि ती घाटापलीकडे शंभर वर्षे पाळली गेली.

म्हणून इथल्या प्राध्यापकांना एक सूचना. तौलनिक धर्माचा विषय घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या सत्रात आपल्या नसलेल्या धर्माचा पूर्वपक्ष लिहावा, आणि त्या धर्माचा माणूस वाचून म्हणाला की हो, हे आमचेच म्हणणे, तरच त्याला गुण द्यावेत. दुसऱ्या सत्रात आपल्या गावातल्या एका आचाराची नोंद, विश्वकोशाच्या शिस्तीत, कौतुक आणि निंदा वगळून. विश्वकोशाच्या नोंदी आता इंटरनेटवर कोणालाही मोफत वाचता येतात. नमुना म्हणून इस्लाम, बौद्ध आणि हिंदू या तीन नोंदी एका बैठकीत वाचायला लावाव्यात. आणि वर्षातून एकदा सहलीची बस प्रतापगड-महाबळेश्वराला नेताना वाईत दोन तास थांबवावी.